चाइल्ड काउन्सेलिंग क्लिनिक, लक्ष्मीनगर : काम चांगलं, वेटिंग बेकार

४ स्टार. एक स्टार वेटिंगचा कापला बावा.

पोट्टा पहिलीत आहे. डायरीत रोज लाल पेनानं काही ना काही लिहून येते, जागेवर बसत नाही, मधेच बोलते, बाजूच्याचं खोडरबर उचलते. पीटीएमला टीचरनं सरळ 'हायपर आहे, दाखवून घ्या' म्हटलं अन् घरी आजीपासून सगळे टेन्शनमध्ये.

इथल्या मॅडमनं लेबल लावायची घाई नाही केली हे सगळ्यात आवडलं. पोट्ट्याला ठोकळे देऊन बसवलं अन् आम्हालाच विचारत राहिल्या, घरी कसा राहते, लग्नात-पाहुण्यात कसा, झोपते किती, कान-डोळे तपासले का, वर्गात सगळ्यात लहान आहे का. तर आहेच ना, डिसेंबरचा जन्म, शाळा प्रवेशाच्या ३१ डिसेंबरच्या कटऑफमध्ये जेमतेम बसला, बाजूचा जानेवारीवाला त्याच्यापेक्षा जवळपास वर्षानं मोठा! त्या वयात वर्षभराचा फरक लय असते म्हणे, अन् वर्गातल्या लहान पोरांवरच एडीएचडीचा (लक्ष न टिकणं, अति चुळबुळ करणं, तो त्रास) शिक्का जास्त बसते. एका टीचरच्या सांगण्यावरून तर ते ठरतच नाही, लक्षणं कमीत कमी ६ महिने पाहिजे अन् घर, शाळा अशी दोन ठिकाणी तरी दिसली पाहिजे. म्हणून एक फॉर्म आम्हाला अन् एक टीचरला.

शाळेतून आल्यावर बूट काढता काढता रडते त्याचं पण आम्ही मॅडमला विचारलं. दिवसभर शहाण्यासारखं बसून थकते, घरी आला की सगळं बाहेर पडते, तेव्हा लगेच 'आज काय शिकवलं' विचारू नका, आधी खाऊ द्या म्हणाल्या. चुगल्या करणं, हरल्यावर रुसणं, हे या वयात चालतेच. पण एकदम गप्प झाला, येत होतं ते विसरायला लागला, शाळेचं नाव काढलं की रोज पोट दुखते, असं काही दिसलं तर थांबू नका, हे स्पष्ट सांगितलं. (वर्गात एवढे पोट्टे कोंबल्यावर टीचर तरी काय करन, हे माझं मत, मॅडमचं नाही.)

फी जास्त वाटली, पण पहिल्या भेटीत घाई करत नाहीत. रिसेप्शनवर फोन उचलत नाहीत. संध्याकाळचा टाइम घेऊच नका, नंबर येईपर्यंत पोरगं पेंगते अन् मग मॅडमला काय दिसन, कप्पाळ? सकाळचाच घ्या, अन् टीचरचा फॉर्म भरून न्या, नाहीतर अजून एक चक्कर.