क्लोरहेक्सिडीन-मायकोनाझोल शाम्पू: दमट हवेत कुत्र्याच्या खाजेवर कितपत चालतो?

काखा-जांघा लाल, अंगाला आंबूस वास, हाताला तेलकट कोंडा, आणि बोटांच्या बेचक्या चाटून चाटून तांबूस झालेल्या. उष्ण, दमट हवेत ही लक्षणं एकत्र दिसली की बहुधा यीस्ट (एक प्रकारची सूक्ष्म बुरशी) किंवा जिवाणू माजलेले असतात. मॅलॅसेझिया ही यीस्ट आणि स्टॅफिलोकॉकस जातीचे जिवाणू निरोगी कातडीवरही असतात. केसांखालची ओल हटेना की त्यांचं फावतं.

यावर २ टक्के क्लोरहेक्सिडीन आणि २ टक्के मायकोनाझोल असलेला शाम्पू सर्वांत भरवशाचा. मायकोनाझोल यीस्ट आवरतं, क्लोरहेक्सिडीन मुख्यतः जिवाणू. बाटली घेताना दोन्हींचे टक्के वाचाच; 'अँटिफंगल' एवढ्या शब्दावर जाऊ नका.

तरीही 'काही फरक पडला नाही' अशी तक्रार येते, ती बहुतेकदा वापरण्याच्या पद्धतीमुळे. फेस लावून लगेच धुतला तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. तो कातडीवर १० मिनिटं राहायला हवा, आणि ही मिनिटं मोजायची ती सगळीकडे लावून झाल्यावर. आधी अंग साध्या किंवा कोमट पाण्यानं चिंब करा. गरम पाण्यानं खाज भडकते. दाट केसांत शाम्पू वरच्यावरच फेसाळतो, म्हणून केस बाजूला सारत बोटांच्या पेरांनी कातडीपर्यंत पोचवा. लाल जागा आधी घ्या. फेस धुऊन निघेपर्यंत कुत्र्याला चाटू देऊ नका. अंग फार मळलेलं असेल आणि आधी साधा शाम्पू वापरला असेल, तर तो पूर्ण निघू द्या. साबणाचा अंश राहिला की क्लोरहेक्सिडीन निकामी होतं.

आठवड्यातून दोनदा, साधारण तीन आठवडे. मग आठवड्याला किंवा पंधरवड्याला एकदा पुरतं.

खरी मेहनत वाळवण्याची आहे. टॉवेलनं घासू नका, दाबून पाणी टिपा. नंतर ड्रायरची गार हवा केसांच्या मुळाशी, काखेत, शेपटीखाली आणि पंजांच्या बेचक्यांत. वरून कोरडा वाटणारा कुत्रा आतून ओला असतो, आणि तसाच सोडला तर आंघोळीचा फायदा वाया जातो.

शाम्पूचे दोषही आहेत. वरचेवर वापरल्यास कातडी कोरडी पडते. तेव्हा कुत्र्यांसाठीचं मॉइश्चरायझर लावावं. डोळ्यांत गेल्यास बुबुळाला इजा होऊ शकते, त्यामुळे तोंडावर फेस नको. चेहऱ्याच्या घड्या ओल्या कापडानं पुसून कोरड्या करा. कानातही नको, कारण पडदा फाटलेला असला तर ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो.

पिसवा, गोचीड, खरूज यांवर याचा उपयोग नाही. मुळात अ‍ॅलर्जी असेल तर खाज परतणारच. काही तासांत पसरणारा ओला, चिघळलेला चट्टा दिसला तर शाम्पू बाजूला ठेवून पशुवैद्यांकडे न्या. घरातली टी ट्री तेलाची बाटली किंवा माणसांचं स्टिरॉइड मलम मात्र लावू नका. कुत्रा ते चाटतो आणि विषबाधा होऊ शकते.

पशुवैद्यांकडे कातडीचा नमुना द्यायचा असेल तर आदल्या दिवशी हा शाम्पू लावू नका. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसायला हवं तेच धुऊन गेलेलं असतं.