तरंगलांबी मोजून दाखवणारी ग्रेटिंगची पट्टी : एक परीक्षण

लगतच्या दोन तरंगशिखरांमधील अंतर म्हणजे तरंगलांबी, ही व्याख्या पाठ असली तरी प्रकाशाच्या बाबतीत ते अंतर डोळ्यांना दिसत नसल्यामुळे ती कागदावरच राहते. दर मिलिमीटरला ५०० समांतर रेषा असलेली ही विवर्तन ग्रेटिंगची, म्हणजे तरंगलांबीनुसार प्रकाश कमी-अधिक वळवणारी, पट्टी ती उणीव फार चांगल्या रीतीने भरून काढते.

६५० नॅनोमीटरचा लाल लेसर पट्टीतून एक मीटरवरील पडद्यावर सोडला, की मधल्या ठिपक्यापासून सुमारे ३४ सेंटिमीटरवर पहिला बाजूचा ठिपका उमटतो. ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरचा तोच ठिपका मात्र जेमतेम २८ सेंटिमीटरवर पडतो. दोन रेषांतील अंतर २००० नॅनोमीटर असल्याने त्याला विचलन कोनाच्या, म्हणजे ठिपक्याच्या अंतरावरून कळणाऱ्या किरणाच्या वळण्याच्या कोनाच्या, साइनने गुणले, की तरंगलांबी थेट हाती येते. केसाच्या जाडीहून शंभरपटीने लहान असलेली राशी साध्या फूटपट्टीने मोजता यावी, हे मला खरोखर विलक्षण वाटते.

सोबतचे माहितीपत्रक मात्र अपुरे आहे. वेग म्हणजे वारंवारता गुणिले तरंगलांबी हे सूत्र त्यात आहे, परंतु प्रकाश पाण्यात शिरल्यावर वारंवारता तीच राहते आणि ६५० नॅनोमीटरची तरंगलांबी सुमारे ४८९ नॅनोमीटर होते, हा कळीचा मुद्दा त्यात कोठेही नाही. लेसरचा किरण डोळ्यांत जाऊ देऊ नये, ही सूचना तर पहिल्याच पानावर ठळकपणे छापायला हवी होती.