वळणदार पट्ट्यांचा सागवानी चॉपिंग बोर्ड: वागळे इस्टेटमधलं चोख काम

लाकडी चॉपिंग बोर्ड घेताना लोक वरून बघतात. मी आधी कडेने बघतो. वर शिसवीची नागमोडी पट्टी दिसत असेल, तर ती कडेला जिथे बाहेर पडते तिथे पूर्ण जाडीत दिसली पाहिजे. बोर्ड उलटा केला की खालीही तेच वळण सापडलं पाहिजे. नाही सापडलं, तर पट्टीसाठी कोरलेला चर वरवरचा आहे किंवा नुसतं व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवलंय, आणि त्याला आरपार कामाचा भाव द्यायचं कारण नाही. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका लाकूडकामाच्या गाळ्यात बनवून घेतलेला माझा सागवानी बोर्ड दोन्ही अंगांनी सारखा आहे. माझी सगळी नोकरी ठाणे-बेलापूरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात टूलरूममध्ये, म्हणजे अचूक मापाची हत्यारं आणि साचे बनवण्याच्या विभागात झाली, त्यामुळे सांध्याच्या बाबतीत मी लवकर खूश होत नाही. इथे झालो.

काम चालू असताना बघायला येऊ का, असं विचारलं तेव्हा गाळ्यातल्या कारागीर दादांनी "या की काका" म्हणून स्टूलच पुढे केलं. जो कारागीर गिऱ्हाइकाला शेजारी बसवून काम करतो, त्याच्याकडे लपवण्यासारखं काही नसतं.

या कामातली खरी अडचण अशी. बरेच जण बँडसॉने, म्हणजे पट्ट्याच्या यांत्रिक करवतीने, बोर्ड वळणावर कापतात आणि दोन तुकड्यांच्या मध्ये पट्टी घालून क्लॅम्प आवळतात. पण करवतीची काप मिलिमीटरभराची आणि पट्टी सहाची. तुकडे तेवढे लांब सरकले की एका बाजूचं वळण दुसऱ्या बाजूशी जुळत नाही. वळण हलकं असेल तर लाकूड दाबून घेतं, खोल असेल तर फट राहते आणि ती भुसा-फेव्हिकॉलने बुजवली जाते. इथे तसं करत नाहीत. एमडीएफचा (दाबून केलेल्या भुशाच्या फळीचा) फर्मा बोर्डावर पक्का बसवतात आणि त्याच्या कडेने राउटर, म्हणजे चर कोरायचं यंत्र, फिरवतात. त्याचा बिट, म्हणजे फिरतं पातं, 6 मिलिमीटरचा, म्हणजे चर सगळीकडे 6 मिलिमीटरचाच, वळण कसंही असो. दोन्ही भिंती एकाच बिटने एकाच फेरीत कापलेल्या असतात, मग त्या न जुळतील कशा? चर एका दमात खोल नेत नाहीत, थोडा थोडा उतरवतात. तळाला 3 मिलिमीटर लाकूड मुद्दाम ठेवतात, म्हणजे बोर्डाचे दोन तुकडे होत नाहीत. पट्ट्या बसून वाळल्या की तळ रंध्याखाली घालून तेवढं लाकूड काढून टाकतात आणि वळण खालूनही उघडं पडतं.

चरात तीन पट्ट्या आहेत: शिसवी, फणस, शिसवी. फणसाचं लाकूड ताजं असताना हळदीसारखं पिवळं असतं, पुढे ते तपकिरीकडे झुकतं. दोन काळ्या रेघांमधली ती पिवळी रेघ सागवानावर फार देखणी दिसते. एक पट्टी मी व्हर्निअरने (बारीक माप घेणाऱ्या कॅलिपरने) मोजली. 2 नाही, 1.9 मिलिमीटर. मी काही विचारायच्या आधीच दादा म्हणाले, "पूर्ण सहा भरले तर गोंद लागल्यावर लाकूड फुगतं, काका. पट्टी अर्ध्यातच अडकते, मग वर येत नाही की खाली जात नाही." अगदी बरोबर. प्रेस फिट (दाबून घट्ट बसणारं) आणि स्लाइड फिट (अलगद सरकणारं) यांतला फरक या माणसाला पुस्तकाशिवाय कळतो. आणि एवढी पातळ पट्टी वाफ न देता, कोरडीच वळते.

सागवानात तेल असतं, त्यामुळे गोंद नीट धरत नाही. म्हणून चराच्या भिंती ॲसिटोनच्या फडक्याने पुसून लगेच गोंद लावला. गोंद पाण्यात टिकणारा, फेव्हिकॉल मरीन. माझ्या बोर्डावर अशी दोन वळणं आहेत. दुसरं वळण पहिलं पूर्ण वाळल्यावरच कापलं, कारण ते पहिल्याच्या पट्ट्या छेदून जातं. तो छेद या बोर्डाची परीक्षा आहे. तिथे पहिल्या वळणाच्या कापलेल्या पट्ट्यांची सहा टोकं दुसऱ्या वळणाच्या पट्ट्यांना येऊन भिडतात आणि बिटने एखादी कड उचकटली असेल तर लगेच उघडी पडते. मी भिंगाखाली बघितलं, शिवाय 0.05 मिलिमीटरचं फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पत्री, लावून पाहिलं. कुठेच शिरलं नाही.

नक्षी आपल्या आवडीची मिळते, पण एका बाबतीत ते ऐकत नाहीत. वळणं बोर्डाच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे लाकडाच्या उभ्या रेषांबरोबरच जाणार. माझ्यासमोर एका बाईंना त्यांनी आडव्या पट्ट्यांसाठी सरळ नाही सांगितलं. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाहीच. आडवी घातलेली पट्टी स्वतःच्या लांबीत हलत नाही आणि भोवतालचा बोर्ड फुगतो-आक्रसतो. या ओढाताणीत कुठेतरी फट पडणारच. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल पण असलं काम देणार नाही, ही वृत्ती मला फार मोलाची वाटते. माझ्या बोर्डाने ठाण्याचा अख्खा पावसाळा काढला आहे. पट्ट्यांवरून नख फिरवलं तरी कुठे अडत नाही.

आता वापराबद्दल. जाडी 21 मिलिमीटर आहे, कारण 6 चा बिट यापेक्षा फार खोल जाऊ शकत नाही. भाजी, फळं, बोनलेस चिकन यांना पुरते. सुरमईचं डोकं तोडायला किंवा कोयता चालवायला हा बोर्ड नाही. सागवानात सिलिका, म्हणजे वाळूसारखे कठीण कण, असतं, त्यामुळे सुरी थोडी लवकर बोथट होते. ज्यांच्या घरी धार लावायचा दगड नाही त्यांनी हे धरून चालावं. ओल्या हळदीचा डाग पडला होता, तो कोवळ्या उन्हात ठेवून बराच फिका झाला. आमच्याकडे सौ. विळीच वापरतात, पण कोथिंबीर आणि फरसबी आता बोर्डावर आली आहे.

वरून पॉलिश नाही, आणि ते बरंच आहे. सुरीखाली पॉलिशचे पापुद्रे निघून पोटात जातात. मेण आणि लिक्विड पॅराफिन चोळून देतात. लिक्विड पॅराफिन केमिस्टकडे मिळतं, बोर्ड कोरडा दिसू लागला की एक हात मारायचा. शेंगदाण्याचं किंवा गोडंतेल लावू नका, ते खवट होतं. ही माहिती मात्र छापून देत नाहीत, विचारलं तरच सांगतात. ती एका चिठ्ठीवर लिहून बोर्डाबरोबर द्यायलाच हवी.

दोन तक्रारी आहेत. सांगितलेल्या तारखेला काम झालं नाही, आणि फोन करून विचारलं तेव्हाच कळलं. दुसरी तक्रार मोठी: खालचे रबरी पाय साध्या लोखंडी स्क्रूने बसवले होते. पाऊस सुरू होताच स्क्रूभोवती सागवान काळं पडलं. इतकं नेटकं काम करून शेवटी काही रुपयांच्या स्क्रूपाशी काटकसर, याचं मला मनापासून वाईट वाटलं. दाखवल्यावर त्यांनी वाद न घालता स्टेनलेसचे बसवून दिले, डाग घासून काढला, पैसे घेतले नाहीत.

15 बाय 10 इंचाच्या बोर्डाचे मी 3,400 रुपये दिले. बाजारात याच मापाचा साधा बोर्ड बराच स्वस्त मिळतो हे मला माहीत आहे. इथे पैसे त्या सांध्याचे आहेत आणि सांधा तेवढ्या किमतीचा आहे.

बाळकुमला राहणाऱ्या बहिणीसाठी दुसरा बोर्ड सांगितला आहे. रबरी पाय नकोत असं सांगितलंय, म्हणजे दोन्ही बाजू वापरता येतील. वळण एकच, आणि या वेळी पट्ट्या फक्त फणसाच्या.