तारा की कियारा? मुलीचं नाव ठरवणाऱ्यांसाठी एक तुलनात्मक आढावा

बारसं बाराव्या दिवशी करायची पद्धत आता हॉल मिळेल त्या तारखेवर गेली आहे, पण नावाचा घोळ अजूनही आदल्या रात्रीपर्यंत चालतो. आईला दोन अक्षरी नाव हवं असतं आणि आजीला देवाचं. बाबांना परदेशात कोणाला अडखळायला होणार नाही असं नाव हवं असतं. कानात 'कुर्र' करायचा मान आत्याचा, त्यामुळे तिचीही एक यादी असतेच. हल्ली या याद्यांमध्ये सायली-मुक्ताच्या शेजारी कियारा, इनाया, झारा, सोफिया ही नावं बसलेली दिसतात. पुण्यात निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी परदेशात असतं, तेव्हा हे होणारच.

माझं मत आधीच सांगते. नाव जगातल्या कुठल्याही भाषेतून घ्या, पण दोन गोष्टी तपासा: मूळ भाषेत त्याचा खरा अर्थ काय आणि ते आधी कोणाकोणाचं होतं. मोबाइलवर फिरणाऱ्या नावांच्या याद्या यातलं पहिलं हमखास चुकीचं सांगतात आणि दुसरं सांगतच नाहीत.

तारा आणि कियारा

कानाला दोन्ही सारख्याच वजनाची, म्हणून सुरुवात यांच्यापासून.

कियारा हे नाव इटालियन 'क्यारा'वरून आलं. त्याचं मूळ लॅटिन 'क्लारा', म्हणजे तेजस्वी, स्वच्छ. 1194 मध्ये असिसी गावात जन्मलेल्या संत क्लारा हिचं इटालियन नाव क्यारा. श्रीमंत घर सोडून तिनं गरिबीचं व्रत घेतलं आणि जोगिणींचा एक पंथ उभा केला. इथपर्यंत सगळं छान. पण आयर्लंडमध्ये जवळजवळ याच रोमन अक्षरांचं एक वेगळं नाव आहे. त्याचा उच्चार 'कीरा' असा होतो आणि ते 'काळा, गडद' या अर्थाच्या शब्दावरून आलंय. म्हणजे एकीकडे उजेड आणि दुसरीकडे अंधार. काळ्या रंगात मला काही उणं वाटत नाही, आपल्याकडे कृष्णा आणि श्यामला आहेतच. फक्त 'कियारा म्हणजे काय?' असं मुलीनं विचारलं की तुम्ही कुठल्या गावचं नाव घेतलंय हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

तारा हे नाव मात्र जिथे जाईल तिथे ओळखीचं निघतं. आपली तारा, फारसीतली सितारा आणि लॅटिनमधली स्टेला, तिघींचं मूळ एकच आहे आणि अर्थही एकच. आयर्लंडमध्ये तारा नावाची प्रसिद्ध टेकडी आहे, तिथल्या जुन्या राजांची जागा. तिकडे मुलींना तारा म्हणतात ते त्या टेकडीवरून, आपल्या ताऱ्याशी त्याचा संबंध नाही. आणि आपल्याकडे या नावाच्या मागे कोण कोण उभ्या आहेत ते पाहा. पंचकन्यांमधली तारा. संकटातून तारून नेणारी बौद्धांची तारा, जिची शिल्पं वेरूळच्या लेण्यांत आहेत. आणि हंबीरराव मोहित्यांची लेक ताराबाई. 1700 मध्ये राजाराम महाराज गेल्यावर पुढची सात वर्षं, औरंगजेब मरेपर्यंत, तिनं मराठ्यांची लढाई चालवली. दोन अक्षरांत एवढं सामावणारं दुसरं नाव मला सुचत नाही. या जोडीत माझा कौल ताराला.

अनया, इनाया, झारा: इथे थांबून बघा

'अनया' गेली काही वर्षं पुण्यातल्या बालवाड्यांत सारखं ऐकू येतं. नाव गोड आहे यात वादच नाही. पण संस्कृतात 'नय' म्हणजे नीती, योग्य वागणूक. आणि 'अनय' म्हणजे त्याच्या उलट, अन्याय किंवा संकट. फर्ग्युसनचे प्राचार्य वामन शिवराम आपटे यांनी 1890 मध्ये पुण्यातच संस्कृतचा कोश प्रसिद्ध केला. त्याचं पान उघडलंत की हा अर्थ समोर येतो. 'अनया' हे रूप संस्कृतात आणखी एका ठिकाणी येतं, 'हिने, हिच्यामुळे' या अर्थाचं सर्वनाम म्हणून. यादीत छापलेलं 'अद्वितीय' वगैरे त्यात कुठेच सापडत नाही.

तेच 'इनाया' अरबी आहे आणि तिथे त्याचा अर्थ काळजी, आस्था, देखभाल. उच्चार जवळपास तोच, अर्थ जमीन-अस्मानाइतका वेगळा. अनया मनात भरलं असेल तर इनायाचा विचार जरूर करा. आणि संस्कृत नावच हवं असेल तर सरळ 'सुनया' आहे.

झाराची गोष्ट थोडक्यात. अरबी 'जहरा' म्हणजे झळाळणारी, आणि त्याच धातूतून फुलाचा अर्थही येतो. सुंदर नाव. पण मराठी घरात झारा म्हणजे कढईतून भजी काढायचा झारा, आणि ते 'जरा' असं लिहिलंत तर संस्कृतात म्हातारपण. मराठी शाळेत जाणाऱ्या मुलीला हे ऐकून घ्यावं लागेल. जहरा असं पूर्ण नाव ठेवलंत तर प्रश्नच उरत नाही.

अर्थ तोच, भाषा वेगळी

पुष्कळदा आपल्याला अर्थ आवडलेला असतो आणि नाव उगाच लांबून आणलेलं असतं. सोफिया म्हणजे ग्रीकमध्ये शहाणपण, प्रज्ञा. मग प्रज्ञा किंवा मेधा का नको? लैला म्हणजे अरबीत रात्र. आपल्याकडे निशा, रजनी, यामिनी आहेत. यास्मिन हे फारसी फूल, तर आपली जाई-जुई. जुई हे संस्कृत 'यूथिका'चं प्राकृतातून घासून-पुसून आलेलं रूप. जपानमध्ये 'युई' हे मुलीचं लोकप्रिय नाव आहे आणि जर्मन माणूस जुईचा उच्चार युई असाच करेल, त्यामुळे बाहेर गेल्यावर अडणार नाही.

यातली माझी सगळ्यात आवडती जोडी म्हणजे मार्गारेट आणि मुक्ता. मार्गारेट हे ग्रीक 'मार्गारितेस'वरून आलं, म्हणजे मोती. युरोपातल्या कितीतरी राण्यांनी आणि संत स्त्रियांनी ते नाव वागवलं. मुक्ता म्हणजेही मोतीच. शिवाय बंधनातून सुटलेली. आणि ती आपल्या आळंदीच्या भावंडांतली धाकटी, जिनं रुसून दार लावून बसलेल्या ज्ञानदेवांना ताटीच्या अभंगांतून समजावलं. नावात मोती आणि मोकळेपणा दोन्ही, वर थोरल्या भावालाही चार शब्द ऐकवायची हिंमत. मुलीला याहून मोठं काय द्यायचं?

सई त्याच पंक्तीतलं. सखी, त्याचं प्राकृत सही, त्याचं सई, म्हणजे मैत्रीण. राजगडाच्या पायथ्याशी पाल गावात सईबाईंची समाधी आहे. संभाजीराजे दोन वर्षांचे असताना, 1659 मध्ये, त्या गेल्या. पुण्याच्या मुलीला तिच्या नावाची जागा दाखवायला सुट्टीच्या दिवशी नेता येईल, हा फायदा कियाराला नाही.

दोन्हीकडे खपणारी: मीरा, माया, सारा, अनाहिता

मीरा स्लाव्ह भाषांमध्येही आहे; तिकडे 'मिर' म्हणजे शांतता आणि जगसुद्धा. मीराबाईच्या नावाची व्युत्पत्ती अभ्यासकांत वादाची आहे, पण ज्या नावामागे स्वतः मीराबाई आहे त्याला व्युत्पत्तीची गरज पडू नये. माया ग्रीक पुराणात हर्मिस देवाची आई, आपल्याकडे बुद्धाची आई. वेदान्ती आजोबा 'माया म्हणजे भ्रम' म्हणतील. त्यांना सांगा की मराठी घरात माया म्हणजे जीव लावणं.

सारा हिब्रू आहे, अर्थ राजकन्या किंवा कुलवंत स्त्री. ते नवं फॅड नाही. 1867 मध्ये बांधून झालेलं पुण्याच्या कॅम्पातलं लाल देऊळ म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आणि आपल्याकडचे बेने इस्रायली ज्यू पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलत आलेत. सारा, रिबेका, रूथ ही नावं मराठी घरांत कधीपासून आहेत. शेतसारा आठवणारे आठवोत.

अनाहिता कॅम्पात पारशी घरांत भेटते. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातली ही जलदेवता, अर्थ निष्कलंक. तिचं पूर्ण नाव अरेद्वी सूरा अनाहिता, त्यातली 'सूरा' म्हणजे आपली शूरा. ज्यांना चार अक्षरांचं भारदस्त नाव हवंय, उच्चाराला त्रास नकोय आणि वर्गात त्याच नावाच्या दुसऱ्या तिघी नकोत, त्यांनी हे नाव मनावर घ्यावं.

अक्षर पत्रिकेचं की वाराचं?

सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, अशी 108 अक्षरं पंचांगात दिलेली असतात. रोहिणीला ओ, वा, वी, वू. मुलगी वीणा किंवा वासंती होते, सगळे खूश. आर्द्रेला मात्र कू, घ, ङ, छ. ङ वरून नाव ठेवून दाखवा! म्हणूनच जन्मनाव पत्रिकेपुरतं आणि व्यवहारातलं नाव वेगळं ही सोय आपल्या लोकांनी पूर्वीच करून ठेवली. अक्षरापायी ओढूनताणून नाव बनवू नका.

घानातल्या अकान लोकांची पद्धत याहून साधी आहे. मूल ज्या वारी जन्मलं त्या वाराचं नाव: सोमवारची अद्वोआ, मंगळवारची अबेना, शुक्रवारची अफुआ, शनिवारची अमा. गुरुवारची ती 'या'. 1900 मध्ये इंग्रजांविरुद्ध अशांती लोकांची लढाई चालवणारी 'या असांतेवा' ही गुरुवारची मुलगी. जपानमध्ये तिसराच प्रकार: ध्वनी एक, पण तो कुठल्या चिन्हांनी लिहायचा ते आईवडील निवडतात आणि त्यावर अर्थ ठरतो. त्यासाठी सरकारमान्य चिन्हांची सुमारे 3,000ची यादी आहे.

आपल्याकडे नियम करणारे कमी नव्हते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुलीचं नाव उच्चाराला सोपं, स्पष्ट अर्थाचं, मनोहर आणि शेवटी दीर्घ स्वर असलेलं असावं, असं आहे. तिसऱ्या अध्यायात नक्षत्राचं, झाडाचं किंवा नदीचं नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये, असं. पहिलं आपण आजही पाळतो. दुसरं महाराष्ट्रानं कधी मनावर घेतलं नाही, आणि बरंच झालं: रोहिणी, रेवती, तुळसा, गोदा, भीमा आपल्याला मिळाल्या.

आजीचं नाव, आणि नको असलेली नावं

ग्रीसमध्ये नातीला आजीचं नाव देणं ही रीतच आहे. नायजेरियात योरुबा लोक आजी गेल्यानंतर जन्मलेल्या मुलीला 'येतुंदे' म्हणतात, म्हणजे आई परत आली. आपल्याकडेही 'आजी आली पोटी' म्हणतात, पण नाव ठेवताना आपण सुशीला-कमल-यमुना मागे टाकतो. यमुना पुन्हा आणावं असं मला फार वाटतं. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना, आनंदीबाई जोशीही माहेरच्या यमुना; दोघींची ती नावं लग्नात पुसली गेली. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नवं नाव लिहायचं, की जुनं संपलं. प्राचीन रोममध्ये तर मुलीला स्वतःचं नावच नसे. ज्युलियस कुळातल्या सगळ्या मुली ज्युलिया, फार तर थोरली आणि धाकटी.

याहून वाईट नावं जगानं मुलींना दिली आहेत. चीनमध्ये 'झाओदी', म्हणजे धाकट्या भावाला बोलावून आण. तुर्कस्तानात 'येतेर', म्हणजे पुरे. आणि आपल्याकडे नकोशी. ऑक्टोबर 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात 285 नकोशींना एका समारंभात नवी नावं दिली गेली. त्या मुली शाळेत रोज हजेरीला 'नको आहे' अशी हाक ऐकत होत्या. नावाच्या अर्थाला एवढं काय धरून बसायचं, असं कोणी म्हणालं की मला त्या आठवतात.

नोंद करण्याआधी

जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, पण त्यात नाव तेव्हाच भरलं पाहिजे असं नाही. वर्षाच्या आत ते शुल्काशिवाय घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत शुल्क भरून. तेव्हा घाईत ठरवू नका. मात्र 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट, मतदार यादी सगळीकडे जन्मतारखेसाठी हाच दाखला लागतो, म्हणून रोमन स्पेलिंग पहिल्यांदाच नीट ठरवा. ज्ञानदा, ऋचा, मृण्मयी यांची स्पेलिंगं घरातल्या प्रत्येकाकडे वेगळी असतात.

आणखी एक. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. आइसलंडमध्ये आईच्या किंवा वडिलांच्या नावाला 'दोत्तिर', म्हणजे लेक, जोडून मुलीचं दुसरं नाव होतं. आपल्याकडे आई आता थेट लेकीच्या शेजारी आली आहे. तेव्हा यादीतली शेवटची दोन नावं त्या क्रमानं कागदावर लिहा, मोठ्यानं वाचा, आणि आईला जे वाचताना बरं वाटेल ते आत्याला कळवा.