घाटेअळीचा विषाणू: एक बाटली एका एकराला पुरत नाही

हरभऱ्याच्या हंगामात सोलापूरच्या कृषी सेवा केंद्रांत एचएएनपीव्हीची, म्हणजे घाटेअळीला मारणाऱ्या विषाणूच्या औषधाची, २५० मिलीची बाटली मिळते. औषध चांगलं आहे, पण काउंटरवर मिळणारा 'एकरी एक बाटली' हा सल्ला चुकीचा.

लेबलवर मिलीला १०० कोटी पीओबी असतील, तर हिशेब असा. पीओबी म्हणजे विषाणू ज्यात बसलेले असतात ते प्रथिनांचे कण. एलई (लार्व्हल इक्विव्हॅलंट) हे मात्रेचं माप, १ एलई म्हणजे ६०० कोटी पीओबी. हेक्टरी २५० एलई द्यायचे तर १५०० मिली लागतं, म्हणजे एकराला ६०० मिली. काही शिफारशी हेक्टरी ५०० एलईच्या आहेत. तेव्हा हे प्रमाण दुप्पट. एका बाटलीत भागवून 'विषाणू चालत नाही' म्हणण्यात अर्थ नाही.

बाटलीतलं द्रव तपकिरी, तळाशी गाळ, आणि वास मेलेल्या अळीचा. यात काही बिघडलेलं नाही. अळ्या वाटूनच हे बनतं. प्रयोगशाळेत हरभऱ्याचं पीठ, यीस्ट आणि अगारच्या खाद्यावर विषाणू पसरून एका खणात एकच अळी सोडतात, कारण दोन ठेवल्या तर एक दुसरीला खाते. मेलेल्या अळ्या वाटून मलमलीतून गाळतात. हे गाळणं घाईत झालं असेल तर पंपाचा नोझल तुंबतो, म्हणून भरताना पुन्हा गाळावं.

मोजणी सोपी आहे. १ मिली द्रवात पाणी घालून १०० मिली करा आणि न्यूबॉअर काचेवर (कण मोजायची चौकोन आखलेली काच) सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पट मोठं करून बघा. मधल्या २५ चौकोनांत दर चौकोनी सरासरी ४० चमकणारे कण दिसले तर लेबल खरं. १० दिसले तर माल पाव ताकदीचा. मात्र उष्णतेने विषाणू निकामी झाला तरी कण तसेच दिसतात, त्यामुळे अळ्यांवर चाचणी हवीच. लहान अळ्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवून द्रवात बुडवलेला पाला द्या, तेवढ्याच अळ्यांना साध्या पाण्यातला. पाण्याच्या गटातही बऱ्याच मेल्या तर चाचणी बाद. खरा विषाणू पाच-सात दिवस घेतो. अळी उलटी लटकते, कातडी फाटून पांढुरका द्रव गळतो. एका दिवसात सगळ्या मेल्या तर खूश होऊ नका, बाटलीत रासायनिक कीटकनाशक मिसळल्याचा संशय घ्या.

फवारणी संध्याकाळीच, अळ्या लहान असताना. सोबत थोडा गूळ आणि लिटरला १ ग्रॅम राणीपाल (कपडे शुभ्र करायची पावडर). राणीपाल अतिनील किरण अडवतो. डाळिंबावर बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) मारलेला पंप न धुता वापरू नका. चुन्याच्या तीव्र अल्कलीने कण फवारणीआधीच विरघळतात. हे काम अळीच्या पोटात व्हायला हवं. बार्शीकडच्या तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीलाही हाच विषाणू चालतो, कारण अळी तीच. मंगळवेढ्याच्या ज्वारीवरच्या लष्करी अळीसाठी मात्र पैसे घालवू नका.

पाचपैकी साडेतीन गुण. अर्धा गुण लेबलवर एकरी मात्रा नसल्यामुळे गेला, एक साठवणुकीमुळे. डिसेंबरात घेताना उत्पादनाची तारीख बघा. ती मार्चची असेल आणि दुकानात फ्रीज दिसत नसेल, तर त्या बाटलीने सोलापूरचा मे महिना पत्र्याखाली काढला आहे. ती परत ठेवा.