कपोला की इंडक्शन? कोल्हापूरच्या छोट्या फाउंड्रीपुढचे तीन पर्याय

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले वसाहतीत दिवसाला पाचेक टन रस (वितळलेले लोखंड) ओतणाऱ्या फाउंड्रीपुढे आज तीन वाटा आहेत: कोकवरचा जुना कपोला, म्हणजे लोखंड वितळवणारी उभी भट्टी, चालवत राहणे, त्याच्या जागी दोन ओळींतून हवा देणारा डिव्हायडेड ब्लास्ट कपोला उभारणे किंवा विजेवरची इंडक्शन भट्टी घेणे. कोक म्हणजे घाण आणि वीज म्हणजे स्वच्छ, असा हिशेब बहुतेक मालक मांडतात. कारखान्याच्या आवारापुरता तो खरा आहे. कार्बनचा हिशेब मात्र वेगळा निघतो.

साध्या कपोल्यात आठ किलो धातूमागे एक किलो कोक लागत असेल, तर टनाला सव्वाशे किलो कोक जळतो आणि किलोमागे सुमारे तीन किलो धरले तर पावणेचारशे किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. इंडक्शन भट्टी टनामागे साधारण ५५० ते ७०० युनिट घेते. आपल्या ग्रीडच्या एका युनिटमागे ढोबळमानाने ०.७ किलो उत्सर्जन होत असल्याने ६०० युनिटचे ४२० किलो होतात. म्हणजे शिरोलीतला धूर गेला, तरी तेवढाच किंवा थोडा जास्त कोराडी-चंद्रपूरच्या चिमण्यांतून निघतो.

डिव्हायडेड ब्लास्टची कल्पना साधी आहे. नेहमीच्या कपोल्यात कोक जळून तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड बराचसा न जळताच वर निघून जातो. ट्विअरची, म्हणजे हवा आत सोडणाऱ्या तोंडांची, दुसरी ओळ वरच्या अंगाला देऊन तिथे हवा सोडली की तो आतच जळतो आणि त्याची उष्णता धातूला मिळते. ऊर्जा क्षेत्रातल्या टेरी या संशोधन संस्थेने १९९८ साली हावड्यात अशा कपोल्याचे प्रात्यक्षिक उभे केले होते. कोकची बचत पाव हिश्श्याच्या आसपास धरली, तरी टनामागचे उत्सर्जन २८० किलोपर्यंत उतरते आणि रसही अधिक गरम मिळतो. खर्चही इंडक्शनच्या मानाने बराच कमी. चिमणीवरचा स्क्रबर (धूर धुऊन काढणारे यंत्र) मात्र लागतोच, त्यातून सुटका नाही.

मग इंडक्शनकडे ओढा का? कारण मालाची प्रत. कोकमधले गंधक रसात उतरते, त्यामुळे एसजी आयर्न (साध्या ग्रे आयर्नपेक्षा चिवट ओतीव लोखंड) करायचे असेल तर कपोल्याचा रस आधी गंधकमुक्त करावा लागतो. इंडक्शनमध्ये रसाची रासायनिक घडण हातात राहते, आणि दिवसात दोन ग्रेड ओतायच्या असतील तरी अडत नाही. उलट गंजलेले, वाळू चिकटलेले भंगार कपोला चुनखडीच्या जोरावर पचवतो, पण इंडक्शनमध्ये तीच वाळू स्लॅग (मळी) होऊन युनिटही खाते आणि भट्टीचे आतले अस्तरही.

वीज कशी वापरली जाते, यावरही पुष्कळ अवलंबून असते. रस तयार आहे, पण मोल्ड (साचे) तयार नाहीत, म्हणून रस नुसता गरम ठेवत भट्टी उघड्या तोंडाने वीस-वीस मिनिटे होल्डवर उभी, हे दृश्य कुठल्याही शेडमध्ये दिसते. झाकण मात्र बाजूला भिंतीला टेकवलेले. असल्या सवयी मोडून टनामागे १०० युनिट वाचवले, तर रोजच्या पाच टनांवर, ३०० दिवसांत दीड लाख युनिट आणि सुमारे १०५ टन उत्सर्जन वाचते. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही.

छतावरच्या सौरऊर्जेवर इंडक्शन भट्टी चालेल, ही आशाही मोजून पाहावी. रोजच्या ३,००० युनिटसाठी, किलोवॅटमागे दिवसाला चार युनिट धरून, ७५० किलोवॅटचे पॅनेल लागतील, म्हणजे साधारण ७,५०० चौरस मीटर छत. छोट्या फाउंड्रीकडे ते नसते. त्यामुळे खरा मार्ग बाहेरून हरित वीज घेण्याचा. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी ओपन अॅक्सेसची (वितरण कंपनीऐवजी दुसऱ्या उत्पादकाकडून वीज घेण्याच्या मुभेची) किमान मर्यादा एक मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणल्याने तो लहान कारखान्यालाही खुला झाला आहे.

माझे मत असे: फक्त ग्रे आयर्न, एकच ग्रेड आणि सलग मेल्टिंग असेल, तर डिव्हायडेड ब्लास्ट घ्यावा. एसजीच्या ऑर्डर येत असतील तर इंडक्शनला पर्याय नाही, पण मग हरित विजेचा करार भट्टीबरोबरच करावा; तो पुढे ढकलला, तर कार्बन कमी केल्याचे ग्राहकाला सांगता येणार नाही. कोटेशन मागवण्याआधी महिनाभर कोकचे वजन बेडसकट, म्हणजे सुरुवातीला तळाशी पेटवायच्या थरासकट, लिहून ठेवावे. अनेक ठिकाणी बेडचा कोक हिशेबातच धरलेला नसतो, आणि दिवसाला दोनच तास ओतणाऱ्या फाउंड्रीत तो आठास एकचा आकडा सहास एकवर आणून ठेवतो.