१,१४,४०० रुपयांचे बूट आणि दाराच्या चौकटीचा फोम

आकडा आधीच सांगून टाकतो. एक लाख चौदा हजार चारशे. स्कीइंगच्या बुटांच्या एका जोडीचे. हो, मुंबईत राहून. मुलुंडला. "बर्फच बघायचाय तर फ्रीझर उघड ना" हे आमच्या घरात म्हणून झालंय, तुम्ही नवीन काही सुचवू नका.

त्यातून मी कामाला सीएच्या ऑफिसात. एकोणीस वर्षं लोकांच्या डोक्याशी बसून सांगतोय की पक्कं बिल घ्या. माझ्याकडे या बुटांचं काय आहे? वहीतून फाडलेला एक कागद, त्यावर निळ्या पेनाने "रेस बूट – १ जोड" आणि खाली वळणदार सही. पक्कं हवं तर जीएसटी वेगळा पडेल, विकणारा म्हणाला, आणि मी, मी म्हणालो, राहू दे. हे लिहिताना कान गरम होतायत.

पण मूर्ख म्हणायच्या आधी माझी बाजू ऐका. माझं वजन ८८ किलो, उंची पाच फूट अकरा. तीन हिवाळे गुलमर्गला जातोय. तिथे भाड्याने मिळतात ते बूट शिकणाऱ्यांसाठी असतात, मऊ. वळण घेताना नडगी पुढे रेटली की माझ्या वजनाखाली बूट कुरमुऱ्याच्या पोत्यासारखा बसतो आणि स्की भलतीकडे जाते. तिसऱ्या वर्षी शिकवणाराच म्हणाला, स्वतःचे कडक बूट घ्या, पुढे सरकाल. शिवाय २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताकडून एकटा आरिफ खान उतरला होता, जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे खांबांमधून वळणं घेत उतरायच्या शर्यतीत, ४५वा आला. ती शर्यत मी ऑफिसात मोबाइलवर चोरून पाहिली होती आणि तेव्हापासून डोक्यात रेसचे बूट होते. चाळिशी उलटलेल्या माणसाला रेसचे बूट कशाला, हा प्रश्न बायकोने विचारला होता. उत्तर दिलं नाही. आजही नाही.

आता मुंबईत हे बूट घालून बघायचे कुठे? हीच तर गोम आहे. दहा दुकानं असती तर कुणी फसलं नसतं. एक माणूस सापडला, साकीनाक्याला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा, तिसऱ्या मजल्यावर. भिंतीवर आल्प्सचं पोस्टर, टेबलावर निळी हीट गन, कोपऱ्यात पाच-सहा जोड. बोलायला असा गोड की विचारू नका. "सर, तुमचा पाय लो-व्हॉल्यूम आहे," म्हणाला, म्हणजे सडपातळ. आजवर माझ्या पायाबद्दल कुणी चांगलं बोललं नव्हतं.

खाकी कागदावर उभं करून पेन्सिलने पायाची रेघ मारली. मोबाइलने पायाचा फोटो काढला, "फाइलसाठी". माझ्या उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली आहे, लहानपणी उखळ पडलं होतं, त्यावरही दोन मिनिटं सहानुभूती. पाय भरला २६.३ सेंटीमीटर. म्हणजे बुटाचं माप २६ किंवा २६.५, कारण या बुटांचं माप म्हणजे सरळ पावलाची सेंटीमीटरमधली लांबी. २५,००० ॲडव्हान्स. तो मे महिना होता.

जुलैमध्ये फोन: माल कस्टममध्ये अडकलाय, फरकाचे ९,४०० लागतील. हसू नका. मलाही माहितीये हा प्रकार, बातम्यांत रोज वाचतो. पण त्या बातम्यांत पार्सल अनोळखी असतं, मी तर माझ्या बुटांची वाट बघत होतो. भरले.

ऑगस्टमध्ये बूट आले. काळे, बाजूला चांदीच्या अक्षरांत १४०. हा आकडा म्हणजे फ्लेक्स, बूट किती कडक ते. नवख्याचे साठ-ऐंशीचे, रेसवाल्यांचे १३०, १४०, १५०. आता मला कळलंय की याला कुठलंही सर्वमान्य प्रमाण नाही, एका कंपनीचा १२० दुसरीच्या १३०पेक्षा कडक निघू शकतो. तेव्हा मी फक्त त्या चांदीकडे बघत होतो. स्टिकर होता. नखाने निघतो, जानेवारीत काढून पाहिला. खाली ८०.

बूट घालून वाकून पाहिलं तर सहज वाकला. मी म्हणालो, १४० इतका मऊ? तर म्हणाला, "सर, प्लास्टिक आहे, मुंबईच्या गरमीत मऊच वाटणार, गुलमर्गला उणे दहात दगड होईल." आणि इथेच चीड येते, कारण हे खरं आहे. शंभर टक्के खरं. थंडीत हे प्लास्टिक कडक होतंच. त्याने खोट्याला खऱ्याची फोडणी दिली आणि मी वाढून घेतलं.

शेल, म्हणजे बाहेरचं कडक प्लास्टिकचं कवच, मोठा वाटतोय म्हणालो. त्याने लायनर, म्हणजे आतला मऊ बूट, काढलाच नाही. मीच काढला, नुसत्या शेलमध्ये पाय घालून अंगठा पुढे टेकवला आणि टाचेमागे बोटं घातली. रेससाठी तिथे सेंटीमीटरभरही जागा नको असते, एरवी एक-दीड, आरामात फिरणाऱ्याला दोन. माझी दोन बोटं गेली, मग तिसरं. तीन बोटं, मंडळी. बोटं माझी, टाच माझी, अक्कल कुणाची होती देव जाणे. "ते फोम भरून काढेल," म्हणाला. "आणि मी तुम्हाला २६चा २६.५ करून देतो, शेल बदलून, ६,५००."

हे नीट वाचा. २६ आणि २६.५चा शेल एकच असतो. अर्ध्या मापाला शेल बदलत नाही, आतली गादी किंवा लायनर बदलतो, बास. म्हणजे जी गोष्ट अस्तित्वातच नाही तिचे ६,५०० मी मोजले. सगळ्या रकमेत हीच मला रात्री जागं ठेवते.

बुटाचे उरलेले ४८,००० त्याच दिवशी यूपीआयने. तळ तासून पायाच्या कलाप्रमाणे तिरका करून देण्याचे ७,००० वेगळे. रेसच्या बुटांचा तळ मुद्दाम जाड येतो, तो यंत्रावर तासून बसवावा लागतो, त्यामुळे तेही पटलं. प्रत्यक्षात पॉलिश पेपर मारला होता. सुताराला शोभेल इतपत.

आता फोम. १८,५००. इथे मी थांबायला हवं होतं, आणि या एका गोष्टीसाठी मी स्वतःला माफ करत नाही.

फोमचा लायनर कसा होतो ते मी वाचलं होतं, दोनदा. तुम्ही शेलमध्ये लायनर घालून उभे राहता, वाकून, स्की करताना असतात तसे गुडघे पुढे. लायनरला नळ्या जोडलेल्या असतात. दोन द्रव मिसळून आत सोडतात, ते तुमच्या घोट्याभोवती, टाचेभोवती फुगतात, जादाचं बाहेर येतं. काही मिनिटं हलायचं नाही, गरम होतं, आवळतं, लोक घामाघूम होतात. ओव्हनमध्ये तापवून घालायचे लायनर येतात, त्यांतही पाय घालून उभंच राहावं लागतं. दोन्हीत मुद्दा एकच: पाय आत पाहिजे. तुमचा.

तो म्हणाला, "सर, लायनर ठेवून जा, शुक्रवारी घेऊन जा."

मी ठेवून आलो. साकीनाक्याहून मेट्रोने घाटकोपर, तिथून लोकलने मुलुंड. सबंध वाटेत माझे दोन्ही पाय माझ्याबरोबर होते. चार दिवस ते घरीच होते, ऑफिसला जात होते, भाजी आणत होते. आणि तिकडे फोम त्यांच्या मापाचा होत होता! मी विचारलं नाही असं नाही. तो म्हणाला, खाकी कागदावरच्या रेघेवरून साचा केलाय. सपाट रेघेवरून घोटा? माणसाचा घोटा काय रांगोळीत असतो? पण शुक्रवारी संध्याकाळी तिथे उभं राहून मी मान डोलावली आणि बूट घातले. घट्ट होते. टाच हलत नव्हती. पायाला छानच वाटलं. रेसचा बूट पहिल्या मिनिटाला छान वाटला तर समजा काहीतरी चुकलंय. तो आधी शिव्या घालायला लावतो, लायनर वापराने दबतो, मग कुठे जमतं.

तोवर १,१४,४०० पूर्ण.

जानेवारी, गुलमर्ग, सकाळचे साडेआठ, उणे नऊ. गोंडोलाच्या, म्हणजे रोपवेच्या, रांगेत जाण्याआधी भाड्याच्या दुकानात स्कीचे बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारे खटके, लावून घ्यायचे होते. बाकावर बसून उजवा बूट ओढला. टाचेखाली आवाज आला. मोठा नव्हता, पापड मोडतो तेवढाच. मागच्या ओठापासून, जो बाइंडिंगमध्ये अडकतो, वर घोट्यापर्यंत चीर. दुकानातल्या म्हाताऱ्या चाचांनी बूट हातात घेतला, उलटा केला, चष्मा वर सारला. टाचेच्या बाजूला कोरलेलं ३२५ मिमी दाखवलं. ही तळाची लांबी, माझ्या मापाला साधारण ३०५ हवी. म्हणजे दोन शेल मोठा. मग तळाशी घड्याळासारखं गोल दाखवलं, आत बाण, भोवती आकडे. साच्यात उमटलेली तारीख असते ती, बऱ्याच बुटांवर असते. २०११. माझा मुलगा २०१२चा. बूट त्याच्यापेक्षा मोठे.

हे प्लास्टिक जुनं झालं की दमट हवेत आतून कुजतं, बाहेरून चकचकीत राहतं आणि एक दिवस तडकतं. उतारावर तडकलं असतं तर आज हे लिहायला मी घरी नसतो, प्लास्टरमध्ये असतो. तारीख बघा. दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी बूट उलटा करून तारीख बघा.

मग चाचांनी लायनर काढून कापडाची शिवण उसवली. आत पिवळट, खरखरीत, भोकं भोकं असलेला फोम. मी ओळखला. आमच्या बाथरूमच्या दाराची चौकट बसवली तेव्हा सुताराने नागदेवी स्ट्रीटवरून डबा आणला होता, फुस्स करून भिंतीच्या फटीत मारायचा. तोच.

परत आलो, फोन बंद. गाळ्याला कुलूप. खालचा चहावाला म्हणाला, दिवाळीनंतरच खाली केला. मालकाकडे भाडेकराराची प्रत मागितली तर "पोलिसांना घेऊन या."

गेलो पोलिसांकडे. मुलुंडला म्हणाले गुन्हा साकीनाक्याला घडला, तिकडे जा. तिकडे म्हणाले पैसे कुठून पाठवले? मुलुंडहून? मग मुलुंड. तिसऱ्या फेरीला ठाणे अंमलदारांनी बूट टेबलावर ठेवून घेतला. "स्केटिंगचे ना? माझ्या पोराला साडेतीन हजारांत घेतले." मी म्हणालो, साहेब, स्कीइंगचे. "चाकं कुठायत?" शेवटी अर्ज घेतला, शिक्का मारला, वर सांगितलं: माल मिळालाय, तुम्ही बघून घेतलाय, हा दिवाणी मामला. बघून घेतला, हे मात्र खरं.

१९३०वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला. बाई शांतपणे म्हणाल्या, पैसे गेल्या गेल्या कळवायला हवं होतं. अहो, कळलं पाच महिन्यांनी! फसवणुकीला बर्फ पडायची वाट बघावी लागली त्याला मी काय करू? बँकेत गेलो. "पिन तुम्हीच टाकलात ना?" हो. "मग?" त्या "मग"पुढे बोलायला माझ्याकडे काही नव्हतं. ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तक्रार नोंदवली, नंबर आला, बारा दिवसांनी मेसेज: विक्रेत्याशी संपर्क होऊ शकला नाही, तक्रार बंद. संपर्क होत नाही म्हणून तर तुमच्याकडे आलो! चोर सापडत नाही म्हणून चोरी झालीच नाही असं समजायचं का? प्रत्येक जण नम्र होता, हे विशेष. कुणीही आवाज चढवला नाही. मीच चढवला, सगळीकडे, आणि सगळीकडे मला बसायला खुर्ची आणि पाणी मिळालं.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. करतोय. पण नोटीस पाठवायला पत्ता लागतो. यूपीआयवर जे नाव दिसतं ते त्याचं नाही, कुठल्यातरी बाईंचं आहे. पैसे टाकताना नाव वाचलं होतं, म्हटलं बायको असेल. समोरच्या माणसाचं नाव आणि स्क्रीनवरचं नाव जुळत नसेल तर पिन टाकू नका, मग तो तुमच्या पायाचं कितीही कौतुक करो. पावतीऐवजी वहीचा कागद मिळाला तर उठून या. लायनर काढू देत नाही तो विकणारा नाही. फोम पायाशिवाय होत नाही.

बूट माळ्यावर आहेत. भंगारवाल्याला द्यायचे नाहीत असं मी घरात सांगून ठेवलंय, पुरावा आहे तो. हिने त्यावर जुनी बेडशीट टाकलीय, पाहुण्यांना दिसू नये म्हणून.

परवा ऑफिसातल्या एका पोराने नवीन जाहिरात पाठवली. दुकानाचं नाव वेगळं, पत्ता पवईचा, फोन नंबर वेगळा. "रेस बूट फिटिंग, कस्टम फोम लायनर, समाधानी ग्राहक." मागे टेबलावर निळी हीट गन. आणि पुढे समाधानी ग्राहकाच्या पायाचा मोठा फोटो, खाकी कागदावर उभा, उजवा, करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली.